सॉल्टन सीच्या काठाने

शनिवार, रात्री. मुक्काम ब्रॉली.

कॅलिफोर्नियातलं मेक्का नावाचं गाव मागे पडलं, खजुराच्या बागा संपल्या आणि उजवीकडे सॉल्टन सी या खाऱ्या सरोवराचं पाणी दिसायला लागलं. दुपारच्या उन्हात अगदी निळंशार. काचा बंद होत्या, एसी चालू होता, तरी सडक्या अंड्यांचा वास गाडीत शिरलाच.

काठावरच्या बॉम्बे बीच या गावात थांबलो. गावाभोवती मातीचा बांध आहे. १९७६-७७च्या वादळांत पाणी वाढून खालची घरं बुडाली होती. आता बांधावर चढलं की पाणी पार लांब दिसतं. किनाऱ्यावर पाय ठेवला की चुरचुरतं. मूठभर उचलून पाहिलं तर वाळू कसली, बार्नॅकलच्या (खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्यांच्या) पांढऱ्या कवचांचा चुरा आणि त्यात तिलापिया माशांचे काटे, मणके, एक अख्खा जबडा. आजूबाजूला लोक मोडक्या घरांसमोर उभे राहून फोटो काढत होते. शेजारच्याच घरात वाळत घातलेले कपडे होते, लहान मुलांचे. माणसं राहतात इथे. 'भुताचं गाव' म्हणतात त्याचा मला रागच आला.

१९०५ साली कोलोरॅडो नदीचा पूर शेतीच्या कालव्यात घुसला आणि जवळजवळ दोन वर्षं नदी या खोलगट वाळवंटात येत राहिली. त्या पाण्याचंच हे सरोवर झालं. १९०७ मध्ये रेल्वे कंपनीने दगड टाकून भगदाड बुजवलं. सरोवर समुद्रसपाटीपेक्षा सत्तर मीटर खाली आहे, त्यामुळे पाण्याला बाहेर वाटच नाही. येतो तो मुख्यतः दक्षिणेकडच्या इम्पिरियल व्हॅली या खोऱ्यातल्या शेतांचा निचरा: खतं, कीटकनाशकं, सेलेनियम, क्षार. पाण्याची वाफ होते, बाकी सगळं इथेच राहतं. पाणी आता समुद्राहून कितीतरी खारट आहे. १९९६ मध्ये इथे हजारो पेलिकन मेले, १९९९च्या ऑगस्टमध्ये लाखो मासे.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. क्षारपड रान, त्यात जमिनीखालून निचऱ्याचे पाइप घालायची धडपड, हे लहानपणापासून पाहिलंय. इथल्या शेतांतही तसेच पाइप आहेत. रान सुधारलं की सगळे खूश होतात. निचरा पुढे कुणाच्या दारात जातो, हे आमच्याकडेही कुणी विचारलं नाही.

आता तर निचराही आटतोय. २००३च्या पाणीवाटपाच्या करारानुसार शेतीचं पाणी सॅन दिएगो शहराकडे वळवलं. भरपाई म्हणून सरोवरात सोडायचं पाणी २०१७ अखेर थांबलं. तळ उघडा पडतोय आणि वारा सुटला की ती बारीक धूळ गावांत येते. वाटेत पाण्याच्या बाटल्या घेतल्या त्या दुकानातल्या बाई सांगत होत्या, वाऱ्याच्या दिवशी त्या नातवाला अंगणात सोडत नाहीत. गल्ल्याशेजारीच त्याचा दम्याचा पंप ठेवलेला होता. या भागातल्या काही शाळांत हवा कशी आहे त्यानुसार रंगीत झेंडा लावतात. त्यावर मुलांनी मैदानात खेळायचं की नाही ते ठरतं. ही मुलं बहुतेक शेतमजुरांची. हिवाळ्यात आमच्या घरी येणारा लेट्यूस याच खोऱ्यातला असतो.

उद्या दक्षिण टोकाला जायचंय. तिथे राज्य सरकारने पक्ष्यांसाठी आणि धूळ दाबायला उथळ तळी बांधली आहेत, २०२५ मध्ये त्यांत पाणी सोडायला सुरुवात झाली. ती बघायची आहेत, आणि त्यांच्या पलीकडे अजून किती तळ कोरडा पडलाय तेही.