‘चालेल ना?’ मधला ‘ना’

शरीरसंबंधांतल्या संमतीवरचं आमचं पत्रक छापायला जायचंच बाकी होतं. डॉक्टरांनी, वकिलांनी मजकूर तपासलेला. अठरा ते एकवीस वयाच्या बारा जणांना त्या दिवशी बोलावलं ते केवळ मान डोलवायला, हे आज मला कबूल करावंसं वाटतं. बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. तिसरी म्हणजे नावापुरतं बोलावणं. ही शिडी मी प्रशिक्षणात शिकवते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलाने विचारलं, “ताई, हे कुणासाठी लिहिलंय?”

“तुम्हा सगळ्यांसाठी.”

“ठामपणे नाही म्हणा, निघून जा, कुणाला तरी सांगा. हे सगळं ज्याला नकोय त्यानेच करायचं. ज्याला हवंय त्याने विचारायचं कसं? ‘नाही’ असं ऐकलं की काय करायचं? ते कुठाय?”

मी पानं उलटत राहिले. कुठेच नव्हतं.

तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी म्हणाली, “आणि आवाजच फुटला नाही तर?”

प्रचंड भीतीने शरीर गोठतं, हात हलत नाहीत, शब्द निघत नाही. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. हे मला ठाऊक होतं. पानं वाढतात म्हणून आम्हीच तो परिच्छेद काढला होता. तिला मी पुढे काही विचारलं नाही. समुपदेशकांचा नंबर एरवी शेवटी देतो, तो तेव्हाच फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. तिला एकटीला उठून मागावा लागू नये.

मग पेनं निघाली. झोपलेल्या किंवा नशेतल्या माणसाचा होकार धरायचा नाही, दिलेला होकार मध्येच मागे घेता येतो, हे पटकन लिहून झालं. अर्धा तास गेला तो एका अक्षरावर. मी सुचवलं होतं, ‘चालेल ना?’ असं विचारा.

“‘ना’ काढा,” एक जण म्हणाली. “त्यात उत्तर आधीच भरलंय. ‘चालेल का?’ लिहा.”

इतकी वर्षं हे काम करतेय, मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

छपाई थांबवली. निघताना तो मुलगा म्हणाला, “पुढच्या वेळी कागद कोरा असताना बोलवा.” तारीख त्यांनीच ठरवली.