आप्पांच्या जिप्सीचा गॅस काढला, त्याची गोष्ट

"मॅडम, सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी टेस्ट करावी लागते. सर्टिफिकेट आणा."

आरटीओच्या एकाच खिडकीत हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या दिवशी ऐकलं. तिन्ही वेळा सांगितलं, की गाडीला सीएनजी नाही, एलपीजी आहे. त्याची टाकी वेगळी, तिची टेस्ट पाच वर्षांनी असते. तिन्ही वेळा समोरच्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गॅस तो गॅसच ना."

दोन वर्षं झाली, तरी ते "गॅस तो गॅसच" आठवलं की डोकं तापतं. पण लिहायला घेतलंय ते गॅस की पेट्रोल यावर. जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ देणारी गाडी) घरात असलेले चारजण मला हे विचारून गेलेत आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आलाय.

गाडी म्हणजे मारुती जिप्सी, २००८ची. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं इंजिन. शेत घाटमाथ्यावर आहे. पावसाळ्यात शेवटचे दोन किलोमीटर फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकल्याशिवाय गाडी वर येत नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २०११ साली पेट्रोल महागलं म्हणून तिला गॅस बसवला. जिप्सीची स्टेपनी मागच्या दारावर असते, त्यामुळे स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारी गोल चपटी टाकी हिला चालत नाही. आडवा सिलिंडर मागच्या हौद्यात गेला आणि मागच्या बाकांची जागा खाऊन बसला. खताची पोती, कोंबड्यांची खुराडी, आजारी वासरू, सगळं त्या सिलिंडरच्या अंगावर.

ऑगस्ट २०२३मध्ये गाडीला पंधरा वर्षं होणार होती, म्हणून जूनमध्येच फेरनोंदणीला लागले. फॉर्म २५, ऑनलाइन अर्ज, ५००० रुपये फी, इथवर काही झालं नाही. गाडी आप्पांच्या नावावर असल्याने ओटीपी त्यांच्या बटणाच्या फोनवर येतो आणि त्या फोनला रेंज फक्त गोठ्यामागच्या गडग्यावर. आप्पा गडग्यावर, मी दुसरा फोन लावून तालुक्याच्या सायबर कॅफेत. "सात... तीन... थांब गं, गेला तो मेसेज." तरीही झालं.

पासिंगच्या दिवशी दिवे, हॉर्न, ब्रेक पाहून झाले, चेसिस नंबरचा पेन्सिल छाप घेतला. मग साहेबांनी आरसीवरचं "पेट्रोल/एलपीजी" वाचलं आणि टाकीचा टेस्टचा कागद मागितला. टाकीवरची शेवटची तारीख २०१६ची. म्हणजे २०२१ला परत करायला हवी होती, ती लॉकडाऊनच्या भानगडीत राहून गेली. चूक आमचीच, ते मान्य. कागदावर शेरा पडला आणि मला खिडकी क्रमांक चारकडे पाठवलं. पुढचे एक्केचाळीस दिवस मी तिथेच राहायला होते म्हटलं तरी चालेल.

सीएनजी सिलिंडर तपासणारे हल्ली पुष्कळ आहेत. एलपीजीची टाकी म्हटली की दोघांनी फोन ठेवला, तिसरा म्हणाला, "ताई, हे काम आता कोण करतंय? टाकी काढून इकडे पाठवा, मग बघतो." गॅसचं किट बसवणाऱ्याच्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. बाजारात एकाने वेगळाच मार्ग सुचवला: "टेस्टबिस्ट सोडा, घरच्या लाल सिलिंडरातून भरून देतो." हे कधीही करू नका. तो गुन्हा आहे हे एक, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो हे दुसरं. गळती झाली की तो वर उडून जात नाही, खाली खोलगट जागेत साचून राहतो. आमची जिप्सी उतारावरच्या शेडमध्ये उभी असते आणि बाजूलाच चूल आहे.

त्या रात्री मी वहीत हिशोब मांडला. शेत, बाजार, दूध संघ मिळून गाडी महिन्याला ४०० किलोमीटर चालते. पेट्रोलवर लिटरला दहा धरले तर ४० लिटर, तेव्हाच्या १०६च्या भावाने ४२४० रुपये. गॅसवर आठच देते, म्हणजे ५० लिटर, साठच्या भावाने ३०००. वाचले १२४०. आप्पा एवढंच सांगतात आणि गप्प बसतात. पण गॅसचा जवळचा पंप ३४ किलोमीटरवर. ६० लिटरची टाकी, तीही ८० टक्केच भरते, म्हणजे ४८ लिटर. महिन्याला निदान एक फेरी फक्त गॅससाठी. जाऊन-येऊन ६८ किलोमीटर, साडेआठ लिटर, ५१० रुपये. राहिले ७३०. त्यातून रोज सकाळी गाडी पेट्रोलवरच सुरू करायची, इंजिनचं पाणी तापून रिड्यूसर (टाकीतल्या पातळ गॅसची वाफ करणारा भाग) गरम होईपर्यंत पेट्रोलवरच चालवायची. आमची निम्मी फेरी तर तेवढ्यातच संपते.

घाटातली गोष्ट वेगळीच. आदल्या पावसाळ्यात फोर-लोमध्ये चढावर असताना गॅसवर फट्ट असा बार निघाला आणि एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण क्लिपांसकट उडालं. एमपीएफआय इंजिनावर जुन्या मिक्सरचं, म्हणजे हवेच्या वाटेतच गॅस मिसळणारं, किट बसवलं की असं होऊ शकतं, असं मिस्त्री म्हणाला. प्लगची गॅप आणि वायरी नीट ठेवा, बार कमी निघतात. शिवाय गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटा लवकर झिजतात, टॅपेट तपासत राहायचे. हे त्याने आम्हाला बारा वर्षांनी सांगितलं.

ठरवलं, गॅस काढायचा. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला वाटलं, काढणं सोपं असेल. किट उतरवायचं, आरसीवर नुसतं "पेट्रोल" करून घ्यायचं. खिडकी चार म्हणाली, आधी फेरनोंदणी पूर्ण करा, मग इंधनबदल. फेरनोंदणी का अडली? टाकीची टेस्ट नाही म्हणून. टाकी का काढायची? टेस्ट होत नाही म्हणून. मग आधी बदलाचा अर्ज करते म्हटलं, तर संगणक म्हणतो या गाडीचा एक अर्ज आधीच प्रलंबित आहे. तो रद्द करायचा तर त्यासाठी वेगळा अर्ज, आणि त्यावर सही करणारे साहेब सोमवार-गुरुवारच बसतात. सोमवारी गेले तर त्यांना शिबिराची ड्यूटी. गुरुवारी गेले तर सर्व्हर बंद. पुढच्या सोमवारी खिडकीतल्यांनी आपुलकीने विचारलं, "घरी कुणी पुरुषमाणूस नाही का? त्यांना पाठवा, लवकर होईल." मी म्हटलं, आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि त्यांना गॅस ठेवायचाय. त्यावर पहिल्यांदाच ते हसले. काम मात्र झालं नाही. बाहेर एजंट "सात हजारात सगळं" म्हणत होता. एकदा तर देऊन टाकावेत असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी सुटलं ते एका तरुण निरीक्षकामुळे. पासिंगच्या मैदानावर, भर पावसात, त्यांनी माझी फाइल जिप्सीच्याच बॉनेटवर उघडली आणि दोन मिनिटांत सांगितलं: जुना अर्ज रद्द, आधी बदल, नवी आरसी हातात आली की मग फेरनोंदणी. आणि गॅरेजच्या दाखल्यावर टाकीचा नंबर हवाच, २०११च्या कागदाशी जुळणारा. रद्द करण्याची सही त्यांनीच साहेबांकडून आणून दिली.

टाकीचा नंबर! आप्पांनी टाकीला दरवर्षी हौसेने काळा रंग मारलेला. रंग खरवडला तर शेवटचा आकडा तीन की आठ, कळेना. कागदावर आठ. बॅटरी मारून बघितलं, मोबाइलमध्ये फोटो मोठा करून बघितला, मिस्त्री तीन म्हणाला, त्याचा पोरगा आठ. आप्पा लांब खुर्चीवर बसून बघत होते. उठले, चंची काढली, बोटावर चुना घेतला, थुंकीने ओला करून टाकीवरच्या नंबरच्या पट्टीवर चोळला आणि वरचा पुसून काढला. खोलगट रेघांत चुना तेवढा राहिला. पांढरा स्वच्छ आठ. "आठच आहे," म्हणाले, आणि परत जाऊन बसले.

टाकी काढायच्या आधी गॅस रस्त्यावर चालवून संपवा, हे सांगायचं राहिलं. आम्ही संपवला तरी पाइप सोडताना उरलेला फुसकन निघाला, मिस्त्रीच्या बोटांवर पांढरं हिव जमलं आणि गोठ्यापर्यंत वास गेला. उघड्यावर करा, जवळ विस्तव नको. काढण्याआधी आणि नंतर असे दोन्ही फोटो तारखेसकट ठेवा, मला ते दोनदा मागितले. पीयूसीही आरसी बदलल्यावरच काढा, नाहीतर तिच्यावर जुनंच इंधन छापून येतं. फेरनोंदणीला मुदतीवर महिना उलटला, त्याचे ५०० रुपये दंड वेगळे भरले. म्हणून साठ दिवस आधी अर्ज घेतात ना, त्यातल्या पहिल्याच दिवशी करा.

पेट्रोलवर आल्यावर सगळं गोड झालं असंही नाही. गॅसवर चालणाऱ्या गाडीत लोक पाच लिटर पेट्रोल ठेवतात, आम्हीही ठेवायचो. त्यात टाकीतून इंजिनला पेट्रोल देणारा पंप तापून गेला होता आणि इंजेक्टर तुंबले होते. दोन्ही कामं निघाली. आता पेट्रोलपंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि २००८ची रबरी नळी त्यासाठी बनलेली नाही. सगळ्या नळ्या बदलल्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मधूनमधून फिरवून आणते, कारण इथेनॉल पाणी ओढतं. पण चढावर फोर-लो टाकली की गाडी आता न खोकता जाते आणि मागे चारजण बसतात.

गॅसला नावं ठेवायची नाहीत मला. तुमच्या रोजच्या रस्त्यावर पंप असेल, महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर होत असतील, किट इंजिनाला साजेसं आणि कागद पुरे असतील, तर खुशाल ठेवा. दुसऱ्याची गाडी घेताना मात्र आधी टाकीची पट्टी वाचा, मग इंजिन ऐका. गाडीचा मालक म्हणेल, "सगळं ओके आहे." खिशात थोडा चुना ठेवा.

आणि हो, विमा कंपनीला कळवायला विसरू नका. गॅस किटचे थर्ड पार्टीत वर्षाला ६० रुपये जास्त लागतात. मी नव्या आरसीची प्रत पाठवली होती, पोच आली होती. यंदाची पॉलिसी परवा आली, त्यात पुन्हा ६० रुपये लावलेत. उद्या फोन करायचाय.