जामीन मंजूर, तरीही आत

एलएल.एम. झाल्यावर बंद्यांना विधिसाहाय्य देणारी फेलोशिप मी स्वीकारली, तेव्हा कैद्यांच्या नागरी हक्कांविषयीची माझी समज बहुतांशी निकालपत्रांतून आलेली होती. माझा प्रबंध प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांच्या १९६५ सालच्या प्रकरणावर होता. स्थानबद्धतेत, म्हणजे खटल्याविना खबरदारी म्हणून कैदेत, असताना त्यांनी अणुविषयी मराठीत एक शास्त्रीय पुस्तक लिहिले, त्याचे हस्तलिखित बाहेर पाठवू देण्यास सरकारने नकार दिला, आणि स्थानबद्धतेच्या अटींत जी मनाई नाही ती सरकारला लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. अशा उदात्त प्रकरणांची सवय झालेल्या माणसाला येरवडा मध्यवर्ती कारागृहातील रोजचे काम सुरुवातीला रुक्ष वाटते, कारण त्यातला बराचसा भाग रोजनाम्याच्या, म्हणजे न्यायालयातील दैनंदिन कामकाजाच्या नोंदीच्या, नकला मिळवणे, तारखा जुळवणे आणि नातेवाइकांचे बंद पडलेले फोन क्रमांक शोधणे यांत जातो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात, मी ज्या बंद्याशी बोलत होते तो मूळचा बीड जिल्ह्यातला, वाघोलीजवळच्या एका इमारतीवर सेंट्रिंगचे काम करणारा तरुण होता. साइटवरील लोखंडी सळ्या चोरल्याचा त्याच्यावर आरोप होता. गुन्हा जूनमधला, म्हणजे नवे कायदे लागू होण्यापूर्वीचा असल्याने भारतीय दंड संहितेचे कलम ३७९ लागले होते, ज्यात जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची आहे. वकालतनाम्यावर सही करताना त्याने विचारले, “मॅडम, वीस तारखेला मतदान हाय, आम्हाला इथून नेतेत का?”

नेत नाहीत, असे मी सांगितले. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात असलेल्या कोणालाही मतदान करता येत नाही, मग तो शिक्षा भोगत असो वा खटल्याची वाट पाहत असो. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्तीचा आहे, म्हणजे आज संझगिरी असते तर त्यांना मत देता आले असते. शिवाय २०१३ च्या दुरुस्तीमुळे तुरुंगातल्या माणसाचे मतदार म्हणून अस्तित्व कायम राहते, त्यामुळे तो आतून निवडणूक लढवू शकतो, पण स्वतःलाही मत देऊ शकत नाही. ही विसंगती वर्गात ऐकली तेव्हा आम्ही हसलो होतो. समोरचा माणूस हसला नाही. तो म्हणाला, “पण माझी बेल तर झालीय.”

तो म्हणत होता ते खरे होते. सप्टेंबरमध्येच पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचे हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार या अटीवर जामीन मंजूर झालेला होता. त्याच गुन्ह्यातील सहआरोपी, सळ्या वाहून नेणाऱ्या टेम्पोचा मालक, याच अटींवर त्याच आठवड्यात बाहेर पडला, कारण त्याच्या चुलत्याच्या नावावर हवेली तालुक्यातला सातबारा होता. आमच्या अशिलाच्या मेव्हण्याकडेही एक एकर जमीन होती, पण ती बीडमध्ये, आणि मेव्हणा बायकोपोरांसह ऊसतोडीला कारखान्यावर गेलेला. एकच एफआयआर, एकच आदेश, एकच रक्कम. तरी वीस तारखेला त्यांतला एक मतदान केंद्रावर जाणार होता आणि दुसरा बराकीत राहणार होता. मतदानबंदीची ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अनुकूलचंद्र प्रधान प्रकरणात वैध ठरवली आहे. शिक्षा झालेल्या माणसापुरते त्यामागील तर्क मी एक वेळ समजून घेईन. पण ज्याला न्यायालयानेच सोडायला सांगितले आहे, त्याचे मत केवळ सातबाऱ्याअभावी जावे, हे मला पटत नाही.

स्थानिक जामीनदाराची अट काढून घेण्याच्या अर्जासाठी आधार नवा शोधावा लागला नाही. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कडक ताशेरे ओढलेले आहेत. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात तर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच म्हटले आहे की महिनाभरात बंधपत्र सादर झाले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, आणि सुटकेला विलंब होतो अशा ठिकाणी स्थानिक जामीनदाराची अट घालू नये. असे आदेश असूनही कोणीतरी अर्ज लिहीपर्यंत फाइल हलत नाही, आणि आमच्या फेलोशिपची गरज उरते ती एवढ्याचसाठी.

गुरुनानक जयंती आणि त्यानंतरचा शनिवार-रविवार उलटल्यावर सोमवारी, १८ तारखेला, शिवाजीनगर न्यायालयात अर्ज सुनावणीला आला. सरकारी वकिलांनी अपेक्षेप्रमाणे सांगितले की आरोपी बाहेरगावचा असून फरार होईल. न्यायाधीशांनी निवाडे फारसे वाचले नाहीत, त्यांनी मला विचारले, “हा पुढच्या तारखेला येईल, हे कोण सांगणार?” आमच्या समाजकार्यकर्त्या ताईंनी गावी फोन करून सरपंचांचे पत्र मागवले होते आणि वाघोलीतल्या मुकादमाकडून त्याला पुन्हा कामावर घेत असल्याचे लिहून आणले होते. माझ्या युक्तिवादापेक्षा त्या दोन कागदांचे वजन अधिक पडले, हे मान्य करायला हवे. जामीनदाराची अट काढून केवळ जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश झाला.

आदेशाची प्रत संध्याकाळी कारागृहात पोहोचली आणि मंगळवारी सकाळी तो बाहेर आला. वाकडेवाडीच्या स्टँडवरून बीडची गाडी मिळेल, असे ताईंनी त्याला सांगितले आणि तिकिटापुरते पैसे दिले. त्याने मत दिले की नाही, हे मी नंतर विचारले नाही, तो त्याचा प्रश्न. जानेवारीच्या तारखेला तो न्यायालय भरण्याआधीच येऊन बसला होता. त्या दिवशी पंच साक्षीदार गैरहजर राहिला आणि आम्हाला पुढची तारीख मिळाली.