आयसीडीची बाटली आणि व्हेंटिलेटर

फुफ्फुसाचं ऑपरेशन झालेला पेशंट आयसीयूत आला की नातेवाईक मॉनिटरकडे बघतात. मी आधी वाकून पलंगाखालची बाटली बघते. आयसीडीची, म्हणजे बरगड्यांमधून छातीत घातलेल्या नळीची. नळीचं टोक पाण्यात दोनेक सेंटीमीटर बुडलेलं, म्हणजे छातीतली हवा बाहेर येते पण बाहेरची आत जात नाही. हॅम्बुर्गच्या ब्युलाउ नावाच्या डॉक्टरनं 1891 मध्ये ही पद्धत छापली. आज बाटली प्लॅस्टिकची झाली, बाकी युक्ती तीच.

आमच्याकडचे बरेच पेशंट जुन्या टीबीचे. टीबी बरा होतो, पण फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये, म्हणजे वरच्या भागात, पोकळी राहते, तिच्यात बुरशीचा गोळा धरतो आणि एक दिवस खोकल्यातून ओंजळभर रक्त पडतं. मग लोब काढायचा. ते फुफ्फुस छातीला आतून घट्ट चिकटलेलं असतं. सोडवताना जागोजाग फाटतं आणि एअर लीक, म्हणजे फुफ्फुसातून हवेची गळती, मागे लागतो. म्हणून भूलवाले डॉक्टर शक्यतो टेबलावरच पेशंटला व्हेंटिलेटरवरून काढतात. मशीनचा दाब जितका कमी वेळ, तितकं टाक्यांचं बरं.

पण कधीकधी पेशंट मशीनवरच येतो आणि नव्या सिस्टर गोंधळतात. आपण स्वतः श्वास आत घेतो तेव्हा नळीतला कॉलम, म्हणजे पाण्याचा स्तंभ, वर चढतो. मशीन हवा ढकलतं तेव्हा तो खाली जातो. उलटं दिसतं, पण बरोबर असतं. कॉलम हललाच नाही तर? बाटलीला जोडलेलं सक्शन, म्हणजे हवा ओढून घेणारी जोड, बंद असेल, तर एकतर फुफ्फुस पूर्ण फुगलंय, नाहीतर नळी अडली आहे. मी आधी पेशंटच्या कुशीखाली हात घालते. पुष्कळदा नळी तिथेच दबलेली सापडते.

लीकचा हिशोब मशीनही देतं. आत 400 मिली दिले, परत 310 आले, तर मधले 90 बाटलीतून गेले. अशा वेळी टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाला दिलेली हवा, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे 6 मिलीच्या आसपास आणि पीप, म्हणजे श्वास सुटल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब, कमी ठेवतात. नुसते आकडे छान दिसावेत म्हणून दाब वाढवणारा रेसिडेंट माझ्या डोक्यात जातो.

सगळ्यात जास्त वाद सीटीला नेताना. बबलिंग, म्हणजे बाटलीत बुडबुडे, चालू असताना नळीला क्लॅम्प (चिमटा) लावायचा नाही, म्हणजे नाही. आत हवा भरतेय आणि वाट बंद. बघता बघता टेन्शन न्यूमोथोरॅक्स होतो, म्हणजे कोंडलेली हवा फुफ्फुस आणि हृदय दाबते, आणि बीपी कोसळतं. "मामा, बाटली पोटावर ठेवू नका, छातीच्या खालीच धरा," हे वॉर्डबॉयला दर वेळी सांगते. अख्खं फुफ्फुस काढलं असेल तर मात्र नियम फिरतो. तिथे नळी बहुतेक वेळ क्लॅम्पच असते, तासाला मिनिटभर उघडतात, आणि सक्शन कधीच नाही, नाहीतर हृदयच त्या बाजूला ओढलं जातं.

मशीन सुटलं की नातेवाईकांचा एकच प्रश्न, "नळी कधी काढणार?" मी पेशंटला म्हणते, "काका, जोरात खोका." बाटलीत एकही बुडबुडा आला नाही, तरच राउंडला तो विषय काढते.