रेनोच्या लेनवर तेल वाचताना : माझा अनुभव

मिशिगनमधल्या आमच्या टेनपिन बोलिंगच्या (बॉलने दहा पिना पाडायचा खेळ) लीगमध्ये माझी सरासरी गेममागे दोनशे गुणांच्या वर असायची. 2023 साली यूएसबीसी ओपनसाठी, म्हणजे अमेरिकेच्या बोलिंग संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी, आमचा संघ नेवाडातल्या रेनोच्या नॅशनल बोलिंग स्टेडियममध्ये जायचं ठरलं, तेव्हा जुनी मंडळी म्हणाली, तो आकडा इथेच ठेवून जा. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

लेन म्हणजे फाउल लाइनपासून (बॉल सोडताना ओलांडायची नाही ती रेषा) पहिल्या पिनपर्यंत 60 फूट, रुंदीला 39 बोर्ड, म्हणजे उभ्या पट्ट्या. यावर पसरलेलं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण स्कोअर तेच ठरवतं. लीगच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे तेल पसरायच्या नमुन्यात, तेल मधोमध दाट आणि कडांना विरळ असतं. बॉल थोडा बाहेर गेला तर कोरड्या भागात पकड मिळून पॉकेटकडे (पहिल्या पिनच्या बाजूची फट) वळतो, आत राहिला तर तेलावर घसरत तिथेच पोचतो. लेन तुम्हाला सांभाळून घेते. स्पर्धेच्या पॅटर्नमध्ये हा फरक फार कमी ठेवतात. दोन बोर्ड इकडेतिकडे झालं की समोर स्प्लिट, म्हणजे मधे फट राहिलेल्या पिना, उभा. म्हणून कुणी सरासरी सांगितली की मी आधी विचारते, कुठल्या पॅटर्नवर?

सरावात आम्ही 31 चा हिशेब पक्का केला. पॅटर्नच्या लांबीतून 31 वजा करायचे, म्हणजे तेल संपतं तिथे बॉल साधारण कुठल्या बोर्डवर असावा ते कळतं. 40 फुटांचा पॅटर्न असेल तर कडेपासून नववा बोर्ड. पण हा झाला फक्त पहिला अंदाज. खरं काम पुढे असतं, कारण रिअॅक्टिव्ह (तेल शोषणाऱ्या आवरणाचा) बॉल प्रत्येक फेकीत थोडं तेल शोषून नेतो आणि लेन बदलत राहते.

सांघिक फेरीत एका जोडलेनवर, म्हणजे शेजारच्या दोन लेनवर, दोन संघ, म्हणजे दहा जण. दहा जणांनी दहा वाटा धरल्या तर लेनची चाळण होते. म्हणून दुसऱ्या संघाशी आधीच बोलून ठरवलं: पहिल्या गेममध्ये सगळ्यांनी बाहेरच्या एकाच पट्ट्यात, कमी वळणाऱ्या बॉलने खेळायचं. स्ट्राइक (पहिल्याच फेकीत सगळ्या पिना) कमी पडल्या तरी चालतील, स्पेअर (दुसऱ्या फेकीत उरलेल्या पिना) सोडायचे नाहीत. माझा पहिला गेम 168 झाला आणि तरी कुणी वाट बदलली नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

दुसऱ्या गेमच्या मध्यावर बाहेर पकड तयार झाली, आतलं तेल शाबूत होतं. चुकीला जागा आम्हीच निर्माण केली होती! पुढे दहावी, उजव्या कोपऱ्यातली पिन उभी राहू लागली आणि सहावी तिच्याशेजारी गटरमध्ये मलूल पडू लागली. पुढचं तेल उडाल्याने बॉलचा जोर आधीच संपत होता. पाय दोन बोर्ड डावीकडे, नजर एक बोर्ड डावीकडे. तिसरा गेम 213.

दुसऱ्या दिवशी दुहेरीत जोडलेनवर चौघंच होतो. तेल सावकाश उडत होतं, त्यामुळे डावीकडे सरकायची घाई केली नाही.