डेन्व्हरचा पट: आधी रिकाम्या जागा, मग नवी नावं

डेन्व्हरच्या कॉलेज हॉकी संघात कोण येतं, कोण जातं याची आम्ही वही ठेवतो. यंदाच्या खेपेला तिची मांडणी उलटी केली आहे. आतापर्यंत पहिलं पान येणाऱ्या पोरांचं असायचं: डेन्व्हर विद्यापीठाला कोणी शब्द दिला, कुठल्या संघातून येतोय, गोल किती. आता पहिलं पान जाणाऱ्यांचं. येणाऱ्यांची यादी हवी तेवढी लांबवता येते, बाकावरच्या जागा मात्र मोजक्याच. जागा कधी आणि कशी सुटते ते कळलं की कोण येणार याचं निम्मं उत्तर हातात येतं.

नव्याने वही धरणाऱ्यांसाठी थोडक्यात: हॉकी बर्फावरची, डेन्व्हर हे कोलोरॅडोतलं खासगी विद्यापीठ, संघ पायोनियर्स, घरचं मैदान मॅग्नेस अरीना, स्पर्धागट एनसीएचसी, प्रशिक्षक २०१८ पासून डेव्हिड कार्ल. एप्रिल २०२४ मध्ये बॉस्टन कॉलेजला २-० हरवून दहावं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, आणि तेव्हा एवढी विजेतेपदं दुसऱ्या कोणाकडे नव्हती. पुढच्या वर्षी, १० एप्रिल २०२५ ला, सेंट लुईसमधल्या उपांत्य सामन्यात वेस्टर्न मिशिगनने दुसऱ्या जादा वेळेत ३-२ ने घरी पाठवलं. आताची वही त्या रात्रीपासून सुरू होते.

जाणाऱ्यांचं पान

जाण्याचे प्रकार चार, आणि चौघांना चार वेगळे रंग द्यायचे: पदवी, करार (व्यावसायिक संघाशी), पोर्टल (दुसऱ्या कॉलेजात बदलीसाठी नाव नोंदवायची यादी), कपात. सगळ्यांपुढे नुसतं ‘गेला’ लिहिलं की पुढच्या वर्षीचा अंदाज चुकतो. पदवीची जागा चार वर्षं आधी दिसते. कराराची जागा एप्रिलमध्ये एका फोनवर सुटते.

२०२५ च्या उन्हाळ्यात हे नीट दिसलं. गोली मॅट डेव्हिस आणि फॉरवर्ड जॅक डिव्हाइन यांची कॉलेजात खेळायची मुदतच संपली होती. डिव्हाइनने शेवटच्या हंगामात ४४ सामन्यांत ५७ गुण (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेली साथ मिळून) केले होते. जागा भरता येते, गुण भरायला तीन पोरं लागतात. झीव्ह ब्युइअम आणि एडन थॉम्पसन यांच्याकडे मात्र कॉलेजची वर्षं शिल्लक होती. दोघेही एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी तरुण खेळाडू वाटून घ्यायच्या वार्षिक निवडीत, निवडले गेलेले, दोघांनीही करार केला. अशा नावांपुढे हंगाम सुरू व्हायच्या आधीच पेन्सिलीने ‘५०-५०’ लिहून ठेवायचं. आपला लाडका आहे म्हणून शाईने ‘राहणार’ लिहिलेलं पुढे खोडावं लागतं.

ब्युइअमची ओळ पूर्ण देतो, कारण वहीत होणाऱ्या तीन चुका या एका ओळीत सापडतात.

जन्म ७ डिसेंबर २००५. बचावपटू, डावखुरी काठी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विकास कार्यक्रमातून आला. कॉलेजात प्रवेश २०२३. पहिल्या हंगामात ४२ सामने, ५० गुण. ड्राफ्ट जून २०२४, मिनेसोटा वाइल्ड, बारावा क्रमांक. दुसऱ्या हंगामात ४१ सामने, ४८ गुण. करार एप्रिल २०२५.

पहिली चूक ड्राफ्टच्या वर्षाची. जन्मवर्षात अठरा मिळवून ड्राफ्टचं वर्ष काढलं तर २०२३ येतं, खरं वर्ष २०२४. सीमारेषा १५ सप्टेंबरची आहे. त्या दिवसापर्यंत अठरा पूर्ण झाले नसतील तर पोरगा पुढच्या वर्षी ढकलला जातो. म्हणून रकान्यात पूर्ण जन्मतारीख हवी, नुसतं साल नाही. १५ सप्टेंबरनंतर जन्मलेला मुलगा ड्राफ्टच्या आधीच कॉलेजचा अख्खा हंगाम खेळलेला असू शकतो, आणि तो दोनच वर्षांत जाण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त.

दुसरी चूक आडनावाची. २०२३-२४ च्या संघात ब्युइअम दोन होते: झीव्ह आणि त्याचा थोरला भाऊ शाय, दोघेही बचावपटू. आडनावावरून गुण उचलणारं सूत्र दोघांची बेरीज करून देतं. जर्सी क्रमांकाचा आधार घेऊ नका, तो दरवर्षी दुसऱ्याच्या पाठीवर जातो. खूण म्हणून आडनाव, पहिलं अक्षर आणि जन्मवर्ष एकत्र लिहिलं की प्रश्न मिटतो.

तिसरी चूक विकास कार्यक्रमातून आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत होते. त्यांचे आकडे दोन ओळींत मिळतात: एक फक्त यूएसएचएलमधल्या (अमेरिकेतली कॉलेजआधीची ज्युनिअर लीग) सामन्यांची, दुसरी सगळ्या सामन्यांची. पहिली ओळ दुसरीच्या पोटात आहे. बेरीज केली की चाळीस गुणांचा पोरगा साठचा दिसतो आणि त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा सुरू होतात. आणखी एक: हा अठरा वर्षांखालचा संघ कॉलेजांशी सराव सामने खेळतो. ते वेळापत्रकात दिसतात, पण कॉलेजच्या हंगामाच्या आकड्यांत धरायचे नसतात.

सव्वीसचं गणित

६ जून २०२५ ला न्यायालयाने मंजूर केलेल्या, कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरून चाललेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत पुरुषांच्या आइस हॉकीच्या पटावर २६ खेळाडूंची मर्यादा आली. आधी मर्यादा पटावर नव्हती, शिष्यवृत्त्यांवर होती: अठरा, आणि त्याही तुकडे करून वाटता यायच्या. त्यामुळे अठ्ठावीस-एकोणतीस पोरं सहज मावायची. आयव्ही लीगचे सहा संघ या तडजोडीबाहेर आहेत आणि क्रीडा शिष्यवृत्त्याही देत नाहीत, म्हणून कॉर्नेल किंवा हार्वर्डची वही या साच्यात बसवू नका.

सव्वीसची साधी वाटणी अशी धरायची: गोली ३, बचावपटू ८, फॉरवर्ड १५. सामन्याला फॉरवर्डच्या चार ओळी आणि बचावाच्या तीन जोड्या उतरतात, म्हणजे फॉरवर्डमधली दोन-तीन आणि बचावातली एक-दोन पोरं दर शुक्रवारी गॅलरीत बसणार. तिथे कोण बसलं याची नोंद शुक्रवारी वेगळी आणि शनिवारी वेगळी करा. दुखापत नसताना सलग सहा-सात सामने बाहेर बसलेला दुसऱ्या वर्षाचा फॉरवर्ड दिसला, की त्या ओळीला पोर्टलचा रंग फिकट लावून ठेवायचा. २०२४ पासून अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर बदली करणाऱ्याला एक वर्ष थांबावं लागत नाही, कितव्यांदा बदलतोय यालाही बंधन नाही. बाहेर बसलेला पोरगा थांबणार तरी कशासाठी?

पोर्टल दोन्ही बाजूंनी चालतं. ट्रिस्टन ब्रोझ मिनेसोटा विद्यापीठातून आला आणि २०२४ च्या उपांत्य सामन्यात बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध जादा वेळेतला गोल त्याचाच. एरिक पोलकॅम्प बेमिजी स्टेटमध्ये एक हंगाम खेळून २०२४ मध्ये आला. त्याची निवड सॅन होझे शार्क्सने २०२३ मध्येच पाचव्या फेरीत केली होती. अशांची ओळ ‘नवी भरती’त टाकू नका. प्रवेशाचं वर्ष २०२४ लिहिलं तर चार वर्षं शिल्लक दिसतात, खरी तीनच असतात.

बोलणी, कागद, आला

येणाऱ्यांच्या पानावर एकच रकाना होता, ‘कमिट’. त्याने सगळा घोळ केला. आता तीन आहेत.

बोलणी म्हणजे पोराने तोंडी शब्द दिला. लग्नाच्या बोलणीसारखंच, सुपारी फुटेपर्यंत दोन्हीकडची मंडळी मोकळी. नियमाप्रमाणे प्रशिक्षक दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपासून मुलाशी बोलू शकतात आणि अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपासून देकार देऊ शकतात. म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नावांचा पाऊस पडतो. ती सगळी पेन्सिलीची नावं. त्यातली काही येईपर्यंत तीन वर्षं जातात, काही मध्येच दुसरीकडे वळतात.

कागद म्हणजे सही. पूर्वीचं राष्ट्रीय हमीपत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता अर्थसाहाय्याचा करारच कागद मानायचा.

आला म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत पटावर नाव चढलं. तोवर सव्वीसच्या बेरजेत धरायचं नाही. कागद झालेला पोरगाही एक वर्ष आणखी ज्युनिअरमध्ये राहून ये, असं सांगून थांबवला जातो. म्हणून येण्याच्या वर्षाच्या रकान्यात एक आकडा न लिहिता ‘२०२६/२७’ असं लिहा, आणि बदल झाला तर जुना आकडा खोडू नका. शेजारी तारीख टाकून नवा लिहा. कोणाचं येणं किती वेळा पुढे गेलं, हीच पुढे कामाची माहिती ठरते.

कॅनडाचं दार उघडल्यानंतर

७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) ठरवलं आणि १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालं: ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये खेळलेला मुलगा आता कॉलेजात खेळू शकतो. आधी तिथे एक सामना खेळला तरी दार जवळपास बंद व्हायचं, कारण भत्ता मिळतो आणि करार झालेले खेळाडू सोबत असतात म्हणून ती लीग व्यावसायिक मानली जायची. जुलै २०२५ मध्ये मेडिसिन हॅट टायगर्सचा गॅव्हिन मॅकेना पेन स्टेटकडे गेला, तेव्हा वहीवाल्यांचं लक्ष मोठ्या नावांवर खिळलं. आमच्या मते खरा बदल खाली आहे.

या लीगमध्ये प्रत्येक संघाला वीस वर्षांचे तीनच खेळाडू ठेवता येतात. म्हणजे एकोणीस संपवून विसाव्यात जाणारी बरीच चांगली पोरं दरवर्षी जागेच्या शोधात असतात, आणि ती तयार असतात: अंगाने भरलेली, साठ-सत्तर सामन्यांचे हंगाम काढलेली. चार वर्षं थांबून घडवायची गरज नाही. याचा फटका यूएसएचएल, बीसीएचएल आणि एनएएचएल या इतर ज्युनिअर लीगमधून शब्द दिलेल्या वीस वर्षांच्या पोरांना बसतो. त्यामुळे ‘बोलणी’च्या रकान्यात अशी नावं असतील तर २०२५ आधीच्या बोलण्या एकदा पुन्हा तपासा.

तपासणी एकाच गोष्टीची विसरू नये: त्या मुलाने एनएचएलशी करार केलाय का? ड्राफ्टमध्ये निवड झालेली चालते, करारावर सही झाली की कॉलेज संपलं. निवड आणि करार या दोन गोष्टींची गल्लत झाली की वहीत कधीच येऊ न शकणारी नावं बसतात.

आकडे कसे वाचायचे

वेगवेगळ्या लीगचे गुण एकमेकांशेजारी ठेवू नका. किमान तीन रकाने हवेत: १५ सप्टेंबरला वय किती, दर सामन्याला गुण किती, आणि त्यातले पॉवर प्लेवरचे (समोरच्याचा खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाचे) वजा करून किती. समजा, बीसीएचएलमधल्या वीस वर्षांच्या पोराचे ५० सामन्यांत ६० गुण, त्यातले २८ पॉवर प्लेवर. दुसरा यूएसएचएलमधला, सतराचा, ५० सामन्यांत ४० गुण, त्यातले ८ पॉवर प्लेवर. वरवर १.२ आणि ०.८. पॉवर प्ले वजा केला की दोघेही ०.६४ वर येतात, आणि मग वयाकडे बघायचं. सतराचा घ्या. कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलाला पॉवर प्ले मिळेलच असं नाही, म्हणून वजाबाकी हवीच.

बचावपटूंपुढे काठी डावी की उजवी हे लिहा. उजव्या काठीचे कमी असतात, आणि आठांतले दोन एकाच वर्षी जाणार असतील तर त्या उन्हाळ्यात पोर्टलमधून एक येणार हे जवळजवळ नक्की समजा.

गोलींचं पान वेगळंच ठेवा. तिघांतला एकच खेळतो, त्यामुळे इतरांचे आकडे दोन-तीन सामन्यांवर उभे असतात आणि टक्केवारी फसवते. मिनिटं लिहा, टक्केवारी नंतर. डेव्हिसचं २०२४ मधलं पान बघण्यासारखं आहे: मॅसॅच्युसेट्सवर २-१, कॉर्नेलवर २-१, बॉस्टन युनिव्हर्सिटीवर २-१, बॉस्टन कॉलेजवर २-०. चार सामने, तीन गोल खाल्ले, अंतिम सामन्यात ३५ फटके अडवले. त्या स्पर्धेत एकदाही दोनपेक्षा जास्त गोल न करता संघ विजेता झाला. म्हणून गोलीची जागा ज्या वर्षी सुटते ते वर्ष पहिल्या पानावर लाल करायचं. बाकीच्या पंचवीस जागांचा हिशेब त्याच्या खाली.

पुढच्या कामांची यादी

फॉरवर्डच्या पंधरा ओळींत करार आणि पोर्टलचे रंग पुन्हा तपासायचे आहेत. ‘बोलणी’तल्या वीस वर्षांवरच्या नावांपुढे तारीख टाकायची आहे. सामन्याच्या ओळी थोड्या आधीच जाहीर होतात, म्हणून कोण गॅलरीत बसलं हे टिपायला वेळेवर जागं असावं लागतं. घरचा सामना तिकडे शुक्रवारी संध्याकाळी सातला असेल तर ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे शनिवारी सकाळी साडेसहा वाजलेले असतात. पूर्वेकडच्या मैदानावर तिथल्या सातला असेल तर साडेचारच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात. तिथून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत घरच्या सामन्याचा गजर साडेसातचा लावायचा, पूर्वेकडचा साडेपाचचा.