रेस देत ठेव

पहिल्यांदा तो अडकला तेव्हा पडद्यावर ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ होती आणि माऊसचा बाण नेमका ‘हं’च्या टिंबावर. समोर नवऱ्या मुलाच्या दोन बहिणी बसल्या होत्या. त्या ओळीखाली कुणाच्या पोराचं नाव आधी घालायचं यावर त्यांचं वीस मिनिटं चाललं होतं. थोरलीचा मुलगा वयानं लहान, धाकटीची मुलगी मोठी. मान आईच्या वयाला द्यायचा की पोराच्या? शेवटी धाकटीनं “घाल बाई तुझ्याच पोराचं” म्हणून माघार घेतली. मी माऊस हलवला. बाण ‘हं’वरून हलेना. बटणं दाबून पाहिली. मग सगळेच जे करतात ते मीही केलं, माऊस उचलून टेबलावर दोनदा आपटला.

“हँग झाला वाटतं,” धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात जरा समाधान होतं असं मला वाटलं.

सांगलीला गणपती पेठेतल्या एका बोळात माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. छपाई दुसरीकडे होते. माझ्याकडे फक्त मजकूर लावणं, प्रूफ काढणं आणि लोकांची भांडणं ऐकणं. दहा बाय बाराची जागा, भिंतीभर नमुने, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दाराजवळच्या खुर्चीत तात्या. तात्या म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून रोज पेपर घेऊन दुकानात येतात आणि पहिलं पान संपायच्या आत डोळे मिटतात. पेपर मात्र हातातून सुटत नाही. हळूच ओढून घ्यायला गेलो की डोळे न उघडता म्हणणार, “वाचतोय मी.”

कॉम्प्युटरची जुनी प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, दहा वर्षं बिनतक्रार चालली होती. पण हल्ली गिऱ्हाईक मजकूर हातानं लिहून आणत नाही, व्हॉट्सॲपवर पाठवतं. तो युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आताच्या सामाईक पद्धतीत असतो, आणि आमचे जुने फाँट त्याच्याही आधीच्या वळणाचे. इकडचं उचलून तिकडं ठेवलं की ‘श्री गणेशाय नमः’चे नुसते चौकोन. नवं सॉफ्टवेअर घ्यावं तर ते जुन्या प्रणालीवर बसत नाही. म्हणून मार्गशीर्ष लागायच्या आधी एका रविवारी मी प्रणाली बदलली. कोणती ते सांगत नाही. आमच्या धंद्यात नाव घ्यायचं तर उखाण्यात घेतात, आणि बायकोनं त्याच आठवड्यात तो करूनही दिला: ‘मांडवाच्या दारात आंब्याची डहाळी, अमक्याचं नाव घेते, अडकू नको सकाळी.’

तो सकाळीही अडकला, दुपारीही अडकला.

कॉम्प्युटर बंद पडणं वेगळं आणि हँग होणं वेगळं. बंद पडला की पडदा काळा होतो, आपण वीज मंडळाचं नाव घेऊन मोकळे होतो. हँग झालेला मात्र सगळं दाखवत बसतो. पंखा फिरत असतो, माऊसच्या पोटातला लाल दिवा जळत असतो, पत्रिकेवरचा गणपती हसत असतो. फक्त आपलं म्हणणं कुणी ऐकत नसतं. शब्दाचा मूळ अर्थ लटकणं, फासावर चढणंसुद्धा. मराठीत आल्यावर तो बराच माणसाळला. आता आपली डोकीही हँग होतात, आणि चहा प्यायला की सुटतात.

पूर्ण अडकलाय की नुसता विचारात पडलाय, हे ओळखायची एक युक्ती मला शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं शिकवली. कॅप्स लॉक दाबायचं. बटणाचा हिरवा दिवा लागला तर आत कुणीतरी जागं आहे, थोडं थांबायचं. दिवा लागला नाही तर खेळ संपला. कारण तो दिवा बटण स्वतःहून लावत नाही. बटण फक्त ‘मला दाबलं’ एवढं आत कळवतं, आणि आतून हुकूम आला तरच दिवा लागतो. म्हणजे नाकाशी सूत धरण्यातलाच प्रकार. पुढचे तीन आठवडे मी दिवसातून किती वेळा ते सूत धरलं, मोजलं नाही.

दिवा लागला नाही की कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचाही उपयोग नसतो, तरी आपण दाबतोच. ही जोडणी आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनीअरनं त्यांच्या १९८१ च्या पीसीसाठी काढली. आधी त्यानं डिलीटच्या जागी एस्केप घेतलं होतं. पण ती तिन्ही बटणं डाव्या हाताशीच येतात, चुकून दाबली जायची आणि चालू काम उडायचं. म्हणून तिसरं बटण मुद्दाम लांबचं निवडलं, दोन्ही हात लागावेत असं. नमस्काराला लागतात तसे. मी अडकलेल्या पडद्यासमोर दोन्ही हात पुढं करून बसलेला पाहून एका गिऱ्हाइकानं दारातच चपला काढल्या होत्या.

मग उपचार सुरू झाले. झेरॉक्सवाला म्हणाला, रॅम, म्हणजे चालू कामापुरती आठवण ठेवणारी पट्टी, काढा आणि खोडरबरनं घासा. हसू नका, हा उपाय आपल्याकडच्या निम्म्या दुकानांत करतात आणि बऱ्याचदा लागूही पडतो. रॅमच्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांसारखी ओळ असते. तिच्यावर मळ धरला की नीट संपर्क होत नाही. मुलाच्या कंपासपेटीतला पांढरा रबर आणून मी ते दात घासले. रबरावर काळपट रेघा उमटल्या, काहीतरी निघालं याचं समाधान झालं. तासाभरात कॉम्प्युटर ‘चि. सौ. कां.’वर अडकला.

मुलगा म्हणाला, व्हायरस. मेव्हणा म्हणाला, यूपीएस. बायको म्हणाली, अमावास्येला कुणी प्रणाली बदलतं का? तारीख पाहिली. खरंच अमावास्या होती.

शेवटी दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलानं रात्रभर रॅमची चाचणी लावली, एकही चूक निघाली नाही. मग प्रोसेसरला दमवणारा एक प्रोग्रॅम लावून दोन दिवस पळवला. कॉम्प्युटर तापला, पंखा बोंबलला, पण एकदाही अडकला नाही. “काका, काहीच नाही याला. फॉरमॅट मारू का?” फॉरमॅट मारूनही झालं. घरी आणला, जोडला, पहिल्याच गिऱ्हाइकानं ‘थांबा, ह्यांना विचारून सांगते’ म्हणत फोन लावला, आणि फोन संपेपर्यंत हा गार. आमची आजी अशी होती. घरी दिवसभर कण्हायची, डॉक्टरसमोर नेली की ताठ बसून त्यांच्याच तब्येतीची चौकशी करायची.

एक चाळीस नावांची पत्रिका त्या आठवड्यात दोनदा गेली. दुसऱ्यांदा लावताना मला ते अख्खं घराणं पाठ झालं होतं, अगदी कोण ‘कै.’ आहे इथपर्यंत.

अडकल्यावर कोपऱ्यातलं घड्याळही थांबतं. ही गोष्ट मला उशिरा सुचली. चहा पिऊन यावं तर भिंतीवर पाच वाजायला आलेले आणि पडद्यावर चार सतरा. म्हणजे जीव गेल्याची वेळ मिळते. एका रद्द झालेल्या पत्रिकेच्या पाठीवर मी त्या वेळा लिहायला लागलो, शेजारी त्या वेळी काय चाललं होतं तेही. लग्न मोडलेली पत्रिका होती, जाड कागदाची, लिहायला छान.

चार दिवसांनी तो कागद तात्यांच्या हाती लागला. पेपर वाचून झाला होता, किंवा धरून झाला होता.

“लॉगशीट लिहितोस काय रे?”

एसटीत ड्रायव्हर गाडी डेपोत लावताना लॉगशीटवर बिघाड लिहितो आणि मेकॅनिक ते वाचून हत्यार उचलतो. तात्यांनी आयुष्यभर हेच वाचलं. चष्मा वर करून त्यांनी माझी नोंद बोट फिरवत वाचली. चार सतरा, चहा. अकरा पाच, मामांची नावं कुठं घालायची यावर वाद. एक चाळीस, जेवण. सहा बावीस, गिऱ्हाईक फोनवर.

“काम करताना एकदापण नाही?”

“नाही.”

“मग ह्याचं आयडलिंग बिघडलंय. आपली स्कूटर आठव की. पळताना काही नाही. सिग्नलला थांबली, की फट्‌कन बंद.”

“तात्या, ह्याला कार्बोरेटर नसतो.”

“असू दे. कार्बोरेटर साफ होईतोवर मी काय करायचो? रेस देत राहायचो. तू पण रेस देत ठेव.” आणि त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

आता कॉम्प्युटरला रेस कशी द्यायची? मी सनईचा एक लांबलचक व्हिडिओ शोधला आणि पडद्याच्या कोपऱ्यात, आवाज बारीक करून, लावून दिला. संपला की पुन्हा पहिल्यापासून. लग्नपत्रिकांच्या दुकानात सनई, कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी एका घरातले सात जण आले आणि ‘कृपया आहेर आणू नयेत’ लिहायचं की नाही यावर पाऊण तास बोलले. मी चहा घेऊन आलो, कॅप्स लॉक दाबलं. हिरवा दिवा लागला.

दुरुस्तीच्या त्या मुलाला फोन करून सांगितलं, तर तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, “काका, सी-स्टेट असणार. माझी चाचणी त्याला पळवतच होती ना.”

त्यानं सांगितलेलं आणि मी पुढं वाचलेलं मिळून मला एवढं समजलं. प्रोसेसर सेकंदाला दोन-अडीचशे कोटी ठोके मोजतो, पण आपण टाइप करतो तेव्हाही त्यातला बहुतेक वेळ त्याला काही काम नसतं. दोन अक्षरांच्या मध्ये त्याच्या दृष्टीनं युगं जातात. डॉसच्या जमान्यात तो या रिकाम्या वेळातही ताटकळत जागा राहायचा, जागच्या जागी गोल फिरत. पुढं वीज वाचवायची म्हणून त्याला झोपायला शिकवलं. १९९६ साली एसीपीआय नावाची नियमावली आली, आणि तिच्यात झोपेच्या पायऱ्या ठरल्या. सी-झिरो म्हणजे जागा. सी-वन म्हणजे डुलकी: काम थांबलेलं, पण हाक मारली की एकदोन मायक्रोसेकंदांत हजर. आकडा वाढत जाईल तशी झोप गाढ. सी-सिक्समध्ये तो हातातलं सगळं सामान एका कोपऱ्यात नीट रचून ठेवतो आणि आपला वीजपुरवठाच तोडून घेतो. उठताना वीज परत यायची, सामान परत घ्यायचं, मग ओ द्यायची. हे सगळं मिळून शे-दीडशे मायक्रोसेकंद. आपल्या पापणीच्या एका उघडझापीत हे हजारभर वेळा उरकेल.

जुनी प्रणाली त्याला डुलकीपलीकडं जाऊच देत नव्हती. नवी काटकसरी, दोन अक्षरांच्या मध्येही गाढ झोपवणारी. आणि माझ्या या जुन्या यंत्राची त्या सहाव्या पायरीवरून उठताना कधीतरी चूक व्हायची. दिवसाला लाखो वेळा झोपायचा-उठायचा, त्यात एकदा उठायचा नाही. तेवढ्यानं माझं चाळीस जणांचं घराणं बुडायचं.

वाचता वाचता मला दोन्ही पायऱ्या घरातच दिसत होत्या. सी-वन खुर्चीत बसला होता, पेपर धरून. सी-सिक्स म्हणजे माझा मुलगा, रविवारी सकाळी. पांघरूण ओढा, पंखा बंद करा, आई तीनदा हाक मारून जाते. उठतो तेव्हाही आधी बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहतो. आपण कोण, कुठं, ही माहिती कुठून तरी परत गोळा करून आणत असावा.

उपाय अगदीच किरकोळ निघाला. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे प्रणालीच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत, शिरायचं, तिथं प्रोसेसरच्या पानावर सी-स्टेटची ओळ होती, ती बंद करायची. माझ्या बोर्डवर हे डिलीट दाबून उघडतं, पण दाबायला सेकंदभराचीच संधी मिळते. मी दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा मुलानं मला बाजूला सारून स्वतः दाबलं. बदल जपून ठेवला, सनई बंद केली. दुकान एकदम ओकंबोकं वाटायला लागलं.

त्याला दीड महिना झाला. पंखा पूर्वीपेक्षा थोडा जास्त फिरतो, पेटीला हात लावला तर कोमट लागते. बिल किती वाढलं ते अजून बघितलेलं नाही, आणि पत्रिकांच्या मोसमात बघणारही नाही. तात्यांना सांगितलं, तुमचं बरोबर होतं, आयडलिंगच होतं. ते म्हणाले, “मग कार्बोरेटर साफ केला का?” मी म्हटलं, नाही, तो आता झोपतच नाही. हे त्यांना पटलं नाही. त्यांच्या मते ती दुरुस्ती नव्हे, ती रेसच झाली, फक्त कायमची. वर्कशॉपमध्ये असं काम केलं असतं तर साहेबांनी गाडी परत पाठवली असती.

काल त्या दोघी बहिणी पुन्हा आल्या होत्या. यंदा धाकट्या भावाचं लग्न. पोरांच्या नावांची पाळी तीच, वाद तोच, फक्त मधल्या काळात थोरलीला आणखी एक मुलगी झालेली, त्यामुळं तिचं मताधिक्य वाढलेलं. बाण ‘हं’च्या टिंबावर ठेवून मी हात मांडीवर घेतले. दहा मिनिटं झाली. सवयीनं कॅप्स लॉक दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

दाराशी तात्यांची मान छातीवर आली होती. पेपराचं एक पान निसटून पायाशी पडलं होतं, उरलेला मुठीत. वाऱ्यानं तोही जाईल म्हणून मी उठलो आणि अलगद ओढला.

“वाचतोय मी.”